ताण, सोड

दुसऱ्याच्या वेदनेपाशी माणूस थांबतो, तिथून संस्कृती सुरू होते असं माझं मत आहे. वडीगोद्रीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत वळणाऱ्या रस्त्यावर त्या दिवशी मी थांबलो होतो, पण संस्कृतीचा त्याच्याशी संबंध नव्हता. माझ्या गाडीसमोर, बॉनेटच्या उंचीवर, एक पिवळी नायलॉनची दोरी ताणलेली होती.

साडेअकरा वाजत आले होते. मला अकराच्या आत पलीकडच्या वस्तीवर पोचायचं होतं.

मी सरकारी पशुवैद्यक आहे. अंबड तालुक्यातल्या एका दवाखान्यात नेमणूक आहे. दवाखान्यात परिचराची एक जागा आहे आणि ती तीन वर्षांपासून रिकामी आहे. त्यामुळे मी डॉक्टरही असतो आणि पेटी उचलणाराही. सकाळी कौसाबाईंचा फोन आला होता.

"साहेब, म्हैस अडली. पाणमोट फुटून दोन तास झाले. दोन पाय दिसून राह्यले, पण तोंड न्हाई दिसत."

पाणमोट म्हणजे वासराभोवतीची पाण्याची पिशवी. वासरू सरळ येतं तेव्हा पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकवलेलं नाक असं येतं, विहिरीत सूर मारणाऱ्या माणसासारखं. पाय आले आणि नाक आलं नाही, याचा अर्थ मान आतल्या आत मागे वळली आहे. मग म्हशीने कितीही कळा दिल्या तरी उपयोग नसतो. दार उघडं आहे, पण माणूस आडवा उभा आहे, अशी ती स्थिती. पाणमोट फुटली की आमचं घड्याळ सुरू होतं. आधी वासराची वेळ संपते, नंतर म्हशीची.

म्हशीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. वासरू गेलं तर पुष्कळ म्हशी पान्हाच सोडत नाहीत. कासेत दूध असतं, पण ती ते देत नाही. म्हणजे नुसती म्हैस वाचवून भागत नाही.

कौसाबाईंचं घर मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. नवरा अजून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन दूर निघून जातो, मुलगा पुण्याला कंपनीत आहे. ही म्हैस त्यांनी नवऱ्याला न विचारता घेतली होती. "आपल्या घरात म्हैस टिकत न्हाई," असं नवरा तेव्हा म्हणाला होता आणि अजून अधूनमधून म्हणतो. त्यामुळे त्या गोठ्यात दुधापेक्षा जास्त काहीतरी अडकलेलं होतं.

आता दोरीकडे येतो.

दोरीच्या दोन टोकांना दोन माणसं होती. चाळिशीच्या आसपासची, अंगाने मजबूत. डावीकडचा बंडू, उजवीकडचा त्याचा मेहुणा. नावं मला नंतर कळली. एरवी दोरी रस्त्यावर सैल पडलेली असायची. गाडी वीस पावलांवर आली की बंडू म्हणायचा, "ताण." दोरी उचलली जायची. पावती फाटली की बंडू म्हणायचा, "सोड." दोरी खाली. माझ्यापुढे उसाची ट्रॉली होती. ट्रॉलीचा चालक दोरी तोडूनच जायच्या तयारीत होता. बंडूने शेवटच्या क्षणी थोडी ढील दिली, ट्रॉलीचा वेग बघितला, आणि मग पुन्हा हळूच ताण घेतला. दोरी ट्रॅक्टरच्या तोंडाला नुसती टेकली. ट्रॅक्टर थांबला. इतकं सफाईदार काम मी आमच्या खात्यात फार वेळा बघितलेलं नाही.

रस्त्याच्या कडेला फ्लेक्स होता. 'नियोजित गोशाळा. मुक्या जीवांचे अश्रू पुसण्यासाठी आपले हात द्या.' खाली टेबलावर पैसे स्वीकारण्याचा चौकोनी कोड चिकटवलेला होता. संस्थेचे अध्यक्ष पांढऱ्या कपड्यांत माझ्या खिडकीशी आले. गळ्यात उपरणं, एका हातात पावतीपुस्तक, दुसऱ्या हातात ते यंत्र. किराणा दुकानात पैसे जमा झाले की बोलतं ते.

"राम राम साहेब. गोशाळेसाठी."

"मी जनावरांचा डॉक्टर आहे. पुढे अडलेली म्हैस आहे. जाऊ द्या, येताना बोलू."

"येताना समदे दुसऱ्या रस्त्यानं जातेत," अध्यक्ष म्हणाले.

माणूस अनुभवी होता. माझाही तोच विचार होता.

वाद नको म्हणून मी फोन काढून पन्नास रुपये पाठवले. यंत्राने ते सगळ्या रस्त्याला सांगितलं. मागच्या टेम्पोवाल्याने काच खाली केली आणि हसला.

"आयकलं का साहेब?" अध्यक्ष म्हणाले. "यंत्राचा बी आवाज बसला. पगारदार मानूस आन पन्नास? अधिकाऱ्यांची पावती येगळी असते."

पावतीपुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर खरोखरच वेगवेगळे दर लिहिलेले होते: मोटारसायकल, कार, ट्रक, अधिकारी. मी कारही होतो आणि अधिकारीही.

"अहो, जनावर मरतंय तिकडे. तुम्ही मुक्या जीवांसाठीच उभे आहात ना?"

"बराबर. पर म्हैस आमच्यात येत न्हाई."

"म्हणजे?"

"संस्थेच्या उद्देशात गोवंश लिव्हलंय. म्हशीचा बिलकुल उल्लेख न्हाई. उद्या कोनी विचारलं तर मी काय सांगू?"

"गोशाळा कुठवर आलीय?"

"कमान झाली," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले. "शेड बाकी हाये."

मी आमच्या वरिष्ठांना फोन लावला. तालुक्याच्या ठिकाणचे साहेब.

"साहेब, केसला निघालोय. रस्त्यात वर्गणीवाल्यांनी अडवलंय."

"कसली वर्गणी?"

"गोशाळेची."

साहेबांचा आवाज खाली आला. "मग वाद घालू नका. उद्या व्हिडिओ निघतो. समजुतीने घ्या. आणि लसीकरणाचा आकडा चारच्या आत टाका."

मी फोन ठेवतो तोच कौसाबाईंचा आला. मी तो स्पीकरवर घेतला. मुद्दाम घेतला, असं नाही. हात ग्लोव्ह शोधण्यात गुंतला होता.

"कुठवर आले साहेब? म्हैस खाली बसली आता."

"दोरीपाशी आहे. गोशाळेवाले जाऊ देत नाहीत."

"दोरीवर कोन हाये? बंड्या हाये का तिथं?"

बंडू उसाच्या फडाकडे बघायला लागला.

"बंड्या! मी बोलून राह्यले!"

"हाये काकू," बंडू म्हणाला.

"आरं मुडद्या, तुझ्या टायमाला तुझी माय अडली, तवा गुडघाभर चिखलातून सुईनीला आनाया कोन गेल्तं? मी गेल्ते. मला कोनी दोरी आडवी लावली न्हवती. लावली असती तर आज तू दोरी धराया ऱ्हायला असता का?"

बंडूने 'सोड' म्हटलंसुद्धा नाही. दोरी खाली पडली. मागचा टेम्पो संधी साधून माझ्या बाजूने निघूनही गेला.

तिथून सुटणं हेच माझं काम होतं. पण मी गाडी सुरू केली नाही. मला वस्तीवर कोण सापडणार याचा विचार आला. कापूस वेचायचे दिवस होते. भर दुपारी घरात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. वासराची मान सरळ केल्यावर ओढायला दोन माणसं लागतात. आणि या दोघांचं दोरीवरचं जे काम मी आत्ताच बघितलं होतं ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

"बंडू, तू आणि तुझा मेहुणा चला माझ्याबरोबर. दहा मिनिटांचं काम आहे."

आमच्या धंद्यात दहा मिनिटं म्हणजे एक तास. हे मी सांगितलं नाही.

"आन दोरी?" अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही धरा," बंडू म्हणाला आणि गाडीत बसला.

आरशात मी बघितलं. अध्यक्षांनी दोरीचं एक टोक लिंबाला बांधलं आणि दुसरं स्वतः धरलं. पहिलीच मोटारसायकल लिंबाच्या मागून वळसा घालून गेली.

वस्ती दोन किलोमीटरवर होती. कौसाबाई दारातच उभ्या होत्या, पातळ खोचलेलं, हातात गरम पाण्याची बादली. म्हैस गोठ्याबाहेर सावलीत पडली होती. जिभेचं टोक बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. शेपटीखाली दोन खूर दिसत होते.

मी खुरांच्या मधल्या कातडीला चिमटा काढला. पाय आत ओढला गेला. अगदी थोडा.

"जित्तं हाये?" कौसाबाईंनी विचारलं.

"आहे. पण आता जल्दी करावी लागेल."

"जल्दी तर मी सकाळपासून म्हनून राह्यले."

मी पेटी उघडली. शेपटीच्या मुळाशी बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं, म्हणजे म्हैस जोर कमी करते आणि हाताला जागा मिळते. म्हशीला उभं केलं. हातमोजा खांद्यापर्यंत चढवला, साबणाचं पाणी लावलं आणि हात आत घातला. मान डावीकडे वळलेली होती, नाक बरगड्यांना लागलेलं. पहिलं काम उलटं असतं: जे बाहेर यायला हवं त्याला आत ढकलायचं. त्याशिवाय मान फिरवायला जागा होत नाही. एका हाताने ढकलायचं आणि त्याच हाताने जबडा शोधायचा. म्हशीची कळ आली की तिचं सगळं बळ माझ्या दंडावर येतं, तेव्हा थांबायचं. बोटं बधिर होतात. कळ गेली की पुन्हा.

तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. अध्यक्ष आले होते. खांद्यावर पिवळी दोरी गुंडाळून घेतलेली, खिशात यंत्र. दोरी धरणारे गेल्यावर रस्त्यावर कोणीच थांबेना, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"किती टाईम लागंल?" त्यांनी विचारलं.

बधिर झालेली शेपूट सारखी माझ्या हातावर पडत होती. कौसाबाई डोक्याशी दावं धरून होत्या. त्यांनी अध्यक्षांकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"रिकामे हाइत ना? मंग शेपूट धरा."

"मी?"

"मंग काय भाषण करता इथं? धरा."

अध्यक्षांनी शेपूट धरली. कपडे पांढरे होते, हे मी वर सांगितलंच आहे.

वीस मिनिटांनी जबडा हाताला लागला. एक बोट तोंडात गेलं आणि जिभेने ते किंचित दाबलं. ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण मान अजून फिरली नव्हती. पुढच्या कळेनंतर फिरली. नाक पायांवर आलं. मी हात बाहेर काढला तेव्हा बोटं माझी वाटत नव्हती.

आता ओढण्याचं काम. माझ्याकडे त्यासाठी दोन उकळलेल्या सुती दोऱ्या असतात, एका पायाला एक. इथेच पुष्कळ केसेस बिघडतात. गावातली माणसं जिवाच्या आकांताने एकदम ओढतात, ट्रॅक्टर चिखलातून काढावा तशी. पण म्हैस कळ देते तेव्हाच ओढायचं असतं, ती थांबली की थांबायचं. दोन्ही पाय एकदम नाही, आळीपाळीने, म्हणजे वासराचे खांदे तिरके होऊन निघतात. हे मी इतकी वर्षं लोकांना ओरडून सांगतो आहे. एका ठिकाणी चौघांनी माझं न ऐकता इतकं ओढलं होतं की वासरू आलं, पण म्हैस संध्याकाळपर्यंतही टिकली नाही.

बंडूला डावी दोरी दिली, मेहुण्याला उजवी.

"मी सांगेन तेव्हाच," मी म्हणालो.

"सांगा," बंडू म्हणाला.

कळ आली. "डावं, ताण."

बंडूने ताणलं. झटका नाही, हिसका नाही. ट्रॅक्टरच्या तोंडाला दोरी टेकवली होती तसंच.

"सोड."

त्याच क्षणी सैल.

"उजवं, ताण."

मेहुण्याने ताणलं. मला एकही शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही. पाच-सहा कळांनंतर मी बोलणंही बंद केलं. म्हशीची कूस आवळली की ते आपोआप ताण घ्यायचे, ढिली पडली की सोडायचे. रस्त्यावर गाडीचा वेग बघायचे, इथे म्हशीचा श्वास बघत होते. इतक्या वर्षांत मला इतके चांगले मदतनीस मिळाले नव्हते, आणि ते पावतीपुस्तकाच्या पलीकडे उभे होते.

कपाळ बाहेर आलं. सगळे श्वास धरून होते. त्या शांततेत अध्यक्षांच्या खिशातून खणखणीत आवाज आला: "दहा रुपये प्राप्त झाले."

रस्त्यावरच्या टेबलापाशी कोणीतरी आपणहून कोड स्कॅन केला होता. म्हैस दचकली आणि तिने त्या दिवसातली सगळ्यात जोराची कळ दिली.

"ताण!" मी ओरडलो. दोघांनी ताणलं, मी मान धरली, आणि वासरू माझ्या मांडीवर आलं.

हललं नाही.

मी नाकातोंडातला चिकटा काढला. मागचे पाय वर धरून झटकलं. काही नाही. वाळलेल्या गवताची काडी नाकपुडीत घातली, फिरवली. कौसाबाईंनी न सांगता गार पाण्याचा तांब्या त्याच्या कानावर ओतला. बंडू गोणपाटाने बरगड्या चोळत होता. कौसाबाई वासराकडे नाही, म्हशीकडे बघत होत्या.

"आरं शिंक की," बंडू म्हणाला. "शिंक. काकू मला रस्त्यावर बी बसू देनार न्हाई."

वासराला शिंक आली. मग खोकला. मग एक लांब, घोगरा श्वास. डोकं उचललं आणि लगेच टाकलं, पण बरगड्या हलत राहिल्या.

कौसाबाईंनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बरं झालं." मी बादलीत हात धुतले.

अध्यक्षांनी शेपूट सोडली. कपड्यांचं जे व्हायचं ते झालं होतं. पण माणूस मोकळ्या हाताने फार वेळ गप्प राहू शकत नव्हता. त्यांनी उपरणं नीट केलं आणि सुरुवात केली. मातृत्व, सेवा, निसर्गाची लीला, आजच्या दिवसाचं महत्त्व. मेहुण्याने मोबाईलवर फोटो काढले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "कौसाकाकूच्या दारी आज साक्षात लक्ष्मी आली."

मी वासराचा मागचा पाय उचलून बघितला. तो हल्या होता.

हल्या म्हणजे नर. त्याला ना दूध, ना हल्ली कोणी त्याला नांगराला जुंपतं. अध्यक्षांनी उपरणं पुन्हा नीट केलं. बंडूने मान खाली घातली.

"असू द्या," कौसाबाई म्हणाल्या. "ह्याच्यापायी म्हैस पान्हा सोडंल ना, बस. लक्ष्मी तर ही उभी हाये." आणि त्यांनी वासराला ओढत म्हशीच्या तोंडाशी नेलं. म्हैस त्याला चाटायला लागली.

ती मंडळी गेली. मी थांबलो. वार पडल्याशिवाय मी केस सोडत नाही. वार म्हणजे वासराला आत जोडून ठेवणारी जाळी. ती काही तासांत आपोआप पडावी लागते. अडकली तर आत सडते आणि वाचलेली म्हैस आठवड्याने जाते. कौसाबाईंनी चहा केला. कोरा, कारण घरात दूध नव्हतं. हल्या तीनच्या सुमाराला उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला आणि कासेला लागला. पहिल्या धारेचा आवाज आला तेव्हा कौसाबाईंनी कप खाली ठेवला.

"आता म्हातारा काय म्हनतो बघते," त्या नवऱ्याविषयी म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पुण्याहून मुलगा. अध्यक्षांनी वाटेतच फोटो गावच्या ग्रुपवर टाकला होता. मीही तो नंतर बघितला. फोटोत अध्यक्ष पूर्ण होते, मी अर्धा होतो, आणि जनावराची फक्त शेपूट होती. खाली लिहिलं होतं, 'आमच्या संस्थेने आज एका गोमातेला जीवदान दिले.'

"आये," मुलगा विचारत होता, "आपुन गाय कधी घेतली?"

"आरं, आपलीच म्हैस हाये ती. ग्रुपवर गाय झाली. इथं म्हैसच हाये अजून."

मी हसलो. त्या दिवसातलं ते माझं पहिलं हसणं असावं. सकाळपासून मानेत जो ताठा धरला होता तो कुठेतरी गेला होता. लसीकरणाचा आकडा चारच्या आत जाणार नव्हता, त्याचंही काही वाटलं नाही.

या प्रसंगातून मी एकच शिकलो. रस्त्यात अडवणाऱ्याशी वाद घालण्यात वेळ जातो. तेवढ्यात त्याला काय चांगलं येतं ते बघून घ्यावं. बंडूचा नंबर आता माझ्या फोनमध्ये आहे. त्यानंतर चार केसेसना तो आला आहे. त्याची नेमणूक करण्याचा अधिकार मला नाही, म्हणून फक्त नावापुढे 'परिचर' असं लिहून ठेवलं आहे.

जीवदान वगैरे शब्द आम्ही वार पडल्याशिवाय वापरत नाही. त्या दिवशी ती चार वाजून चाळीस मिनिटांनी पडली. कौसाबाईंनी ती फावड्याने उचलली, बांधाच्या कडेला खड्डा करून पुरली आणि वर दोन मोठे दगड ठेवले. नाहीतर कुत्री उकरतात.